पावसाळ्यात एअर प्लांट सुकतच नाहीत, बल्बोसाचं बूड काळं पडलंय (मदत हवी आहे)

खिडकीतली_बाग:
नमस्कार मंडळी. ठाण्यात फ्लॅट आहे, हॉलची खिडकी पूर्वेला, बाहेर ग्रिल. माझ्याकडे एअर प्लांट (मातीशिवाय वाढणारी झाडं) आहेत: आयोनांथाची काही रोपं, एक झेरोग्राफिका, एक बल्बोसा आणि पडद्याच्या दांडीला लटकवलेली स्पॅनिश मॉसची जुडी. मे अखेरपर्यंत सगळं मजेत होतं. रविवारी सकाळी बादलीत अर्धा तास बुडवायचं, झटकायचं, उलटं करून पंख्याखाली ठेवायचं. दुपारच्या जेवणापर्यंत खडखडीत वाळलेलं असायचं.

पाऊस लागल्यापासून मात्र सकाळी भिजवलेलं रोप रात्रीही दमट लागतं. बल्बोसाचा खालचा फुगीर भाग तपकिरी-काळा आणि मऊ झालाय, मधलं पान ओढलं तर सरळ हातात आलं. त्यात एका आयोनांथाची आतली पानं लालभडक होऊन जांभळं फूल आलंय. दिसतं फार सुंदर, पण फुलल्यावर रोप मरतं म्हणतात, ते खरं का? या दिवसांत पाणी द्यायचं की बंदच करायचं? आणि बल्बोसा वाचेल का?

झेरोग्राफिका लाकडाच्या ओंडक्यावर तांब्याच्या तारेने बसवलेली आहे, नर्सरीतूनच तशी आली. बल्बोसा काचेच्या गोळ्यात होतं, खाली ओलं शेवाळ आणि खडे.

गुलाबवेडा:
बुरशी दिसतेय. कॉपर ऑक्सिक्लोराइड (तांब्याचं बुरशीनाशक) पाण्यात कालवून फवारा. माझ्या गुलाबांना दर पावसाळ्यात तेच मारतो.

रानोमाळ:
थांबा थांबा, ते अजिबात फवारू नका! गुलाबाला चालतं ते इथे विष आहे. टिलांड्सिया, म्हणजे हे एअर प्लांट, अननसाच्या कुळातली झाडं, आणि या कुळाला तांबं सोसत नाही. पानांवरचे रुपेरी खवले समोर येईल ते सगळं शोषून घेतात, त्यात तांबंही आलं. ओंडक्यावरची ती तार आजच काढा. नायलॉनचा दोरा किंवा मासे पकडायची तंगूस वापरा.

आता बल्बोसा. मधला कोंब हातात आला म्हणजे ते मुख्य रोप गेलं, त्यावर औषध नाही. पण टाकून देऊ नका, बुडाशी एखादं पिल्लू (नवा फुटवा) आहे का बघा. रानात बल्बोसा फांद्यांवर बरेचदा आडवं किंवा उलटं लटकलेलं असतं, आणि त्या पोकळ फुगीर बुडांत मुंग्या घर करतात. त्या पोकळीत पाणी साठून राहणं त्याला मानवत नाही. काचेच्या गोळ्यात ओल्या शेवाळावर बसवायची कल्पना ज्या नर्सरीवाल्याला सुचली, त्याला रोप विकायचं होतं, जगवायचं नव्हतं. गोळ्यात दिवा ठेवा.

पाणी बंद करू नका, बुडवणं बंद करा. ही झाडं पानांतली छिद्रं मुख्यतः रात्री उघडतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड तेव्हाच घेतात. पानांवर पाण्याचा थर असेल तर हवा आत जात नाही. म्हणून पाणी नेहमी सकाळी, आणि साधारण चार तासांत रोप सुकलं पाहिजे. ठाण्याच्या जुलैतल्या हवेत ते आपोआप होत नाही. मग सकाळी हलका फवारा, लगेच टेबलफॅन. सलग झड लागली असेल त्या दिवशी फवाराही नको. ज्या दिवशी पंखा लावायला घरात कोणी नाही, त्या दिवशी पाणी नाही, एवढं पाळा.

पुणेरी_पालवी:
रानोमाळ यांना +१. फुलाबद्दल: आयोनांथाचं एक रोप आयुष्यात एकदाच फुलतं हे खरं, पण लगेच मरत नाही. बुडाशी पिल्लं धरतं, त्यांना पोसतं आणि सावकाश, बरेचदा वर्षभराने किंवा त्याहून उशिरा सुकतं. पिल्लू आईच्या निम्म्याएवढं झालं की हलकेच पिळून वेगळं करता येतं. मी करत नाही. तसंच ठेवलं की झुबका होतो आणि फार छान दिसतो.

माझ्या सासूबाई याला बांडगूळ म्हणतात आणि घरात ठेवू देत नव्हत्या. बांडगूळ आंब्याच्या फांदीत घुसून त्याचा रस पितं. हे बिचारं फांदीला नुसतं धरून बसतं, अन्नपाणी स्वतःच्या पानांनी घेतं. एवढं सांगितल्यावर परवानगी मिळाली, पण फक्त बाल्कनीत. :)

विदर्भकर:
तुमचं दुखणं आम्हाला हवंहवंसं वाटतं हो. नागपुरात एप्रिल-मेमध्ये फवारा मारून वळलो की रोप कोरडं! तिथे रोज फवारणी आणि आठवड्यातून दोनदा बुडवणं, तरी आयोनांथाची पानं आत वळायला लागतात. ती तहानेची खूण. झेरोग्राफिकाला ही परीक्षा लावू नका, तिची पानं मुळातच कुरळी असतात.

खिडकीतली_बाग:
धन्यवाद सगळ्यांना! तार काढली. बल्बोसा सोडवून पाहिलं, एका बाजूला बोटाएवढं कडक हिरवं पिल्लू आहे. आणखी एक शंका: सोसायटीत अधूनमधून टँकरचं पाणी येतं, पानांवर पांढरा थर बसतो. आरओचं वापरू का?

रानोमाळ:
अरे वा, मग जमलं! कुजलेला भाग पूर्ण काढा, पिल्लाला काळं काही चिकटलेलं राहू देऊ नका. दोन-तीन दिवस वाऱ्यावर कोरडं ठेवा, नंतर आडवं बांधा, बूड खाली नको.

पांढरा थर क्षारांचा आहे, त्याने खवले बुजतात. आरओचं शुद्ध पाणी चालेल, पण त्या मशीनमधून बाहेर फेकलं जाणारं पाणी नको, त्यात क्षार आणखी जास्त. सध्या सगळ्यात चांगलं पाणी तुमच्या ग्रिलबाहेर फुकट पडतंय. पातेलं उघड्यावर ठेवून थेट आभाळातलं धरा, पत्र्यावरून ओघळणारं नको. खत द्यायचं तर ऑर्किडचं, पाकिटावर लिहिलंय त्याच्या पाव भागाने, महिन्यातून एकदा, तेही पाऊस ओसरल्यावर.

आणि स्पॅनिश मॉसची जुडी जरा विरळ करा. बाहेरून रुपेरी दिसते, पण दाट असली तर आतून काळी पडत जाते आणि कळतही नाही. पिल्लू बांधलंत की फोटो टाका.