‘सस्पेंडेड सॉलिड्स’ला मराठीत काय म्हणायचं?

घोडबंदरकर: सोसायटीच्या एसटीपीचा, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटचा, रिपोर्ट मराठीत नोटीस बोर्डावर लावायचाय. टीएसएसला, म्हणजे टोटल सस्पेंडेड सॉलिड्सला, कुणी ‘तरंगते पदार्थ’ सुचवतंय, कुणी ‘निलंबित घनपदार्थ’. दुसरं वाचून सेक्रेटरी विचारतात, चौकशी कधी लागली? नेमका शब्द कोणता?

ऐरोलीची लॅबवाली: ‘तरंगते’ आधी खोडा. तरंगतं ते तेल, फेस, प्लास्टिकचे कपटे. टीएसएस म्हणजे फिल्टर पेपरवर अडकतं ते, बस्स. ग्लास फायबरचा पेपर वाळवून तोलायचा, मोजून घेतलेलं पाणी त्यातून गाळायचं, पेपर 103 ते 105 अंशांवर ओव्हनमध्ये वाळवायचा, डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात, गार करून पुन्हा तोलायचा. उघड्यावर गार केलात तर आपल्याकडची पावसाळी हवाच त्याचं वजन वाढवते! विरघळलेलं मीठ पाण्याबरोबर खाली जातं, ते यात धरत नाहीत.

एअरेशन टँकचं, म्हणजे जीवाणूंसाठी हवा सोडतात त्या टाकीचं, उदाहरण घ्या. नमुना 25 मिली, कोरा पेपर 0.1265 ग्रॅम, नंतर 0.2015. फरक 75 मिलिग्रॅम. त्याला 1000 ने गुणून 25 ने भागा, 3000 मिलिग्रॅम प्रति लिटर. रिपोर्टमधला एमएलएसएस, म्हणजे या टाकीतल्या पाण्याचा टीएसएस, तो हाच.

घोडबंदरकर: मग ऑपरेटर काचेच्या सिलिंडरमध्ये दाखवतो तो ‘गाळ 300’ कसला, ताई? एक शून्य खाल्लं की काय?

ऐरोलीची लॅबवाली: नाही हो, ते आकारमान. त्याच टाकीतलं एक लिटर पाणी अर्धा तास न हलवता ठेवलं की तळाला साका बसतो, तो 300 मिली. 300 गुणिले 1000 भागिले 3000, आले 100. हा एसव्हीआय (स्लज व्हॉल्यूम इंडेक्स), म्हणजे एक ग्रॅम गाळ बसल्यावर किती मिली जागा अडवतो ते. उद्या साका 600 झाला आणि एमएलएसएस तेवढाच राहिला, तर गाळ वाढलेला नाही, फुगलाय. बहुतेकदा तंतुमय जीवाणू माजलेले असतात. ऑपरेटर दोन्हींना गाळच म्हणतात आणि मग मीटिंगमध्ये भांडणं. सिलिंडरमधल्याला ‘साका’ म्हणा, घोळ मिटेल.

वाशीचे मास्तर: शाळेच्या पुस्तकात द्रावण, कलिल, निलंबन असे तीन शब्द आहेत. त्या हिशेबाने ‘निलंबित स्थायू’. सेक्रेटरींना सांगा, नोकरीतही माणूस असाच मधल्यामध्ये लटकतो.

घोडबंदरकर: मास्तर, बरोबर असेल, पण बोर्डावर हसतील लोक.

ऐरोलीची लॅबवाली: मग ‘पाण्यातले न विरघळलेले कण’ लिहा आणि शेजारी टीएसएस. शब्दापेक्षा आकडा कुठल्या पाण्याचा, ते आधी लिहा. टाकीत 3000 असले तर ठीकच; तेच बाहेर पडणाऱ्या पाण्यात निघाले तर बोंब. नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्याला सर्वसाधारण मानकाची मर्यादा 100 मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिलेल्या तुमच्या संमतीपत्रात त्याहून कडक आकडा असू शकतो, तो बघून बोर्डावर टाका.