गुरुजींना फुकट पगार? जरा बसा, सांगते

खडूफळा

आमच्या भावकीच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरली. "झेडपीच्या मास्तराला ऐंशी हजार, काम दिवसाला चार तास, वर्षातून निम्मी सुट्टी, आणि पाचवीच्या पोराला भागाकार येत नाही. शाळा बंद करा, तेवढ्या पैशात सगळी पोरं इंग्लिश मीडियमला जातील." खाली अंगठ्यांची रांग, त्यातला एक माझ्या सख्ख्या दिराचा. तिथे तोंड उघडलं असतं तर दिवाळीला जाऊबाईंच्या अनारशांवर पाणी सोडावं लागलं असतं, म्हणून इथे लिहिते.

मी किनवटच्या पुढे एका द्विशिक्षकी शाळेवर आहे. पहिली ते चौथी, दोन खोल्या. सोबतचे सर बीएलओ, म्हणजे मतदारयादीचं काम निघालं की चारही वर्ग माझ्या गळ्यात. परिपाठ संपेपर्यंत केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, ग्रुपवर "अतितात्काळ, दुपारी १२ पर्यंत" पडलेलं असतं. तांदूळ मोजून द्या, खिचडी शिजली की मुलांच्या आधी चाखून चव रजिस्टरला सही करा, जेवणाऱ्यांचा आकडा ॲपवर टाका. झाड लावलं, फोटो. झाड जगलं, फोटो. झाड वाळलं, खुलासा.

आता आधारचं ऐका. तिसरीत एक मुलगी आहे. रोज पुढच्या रांगेत बसते, तेराचा पाढा उलटा म्हणून दाखवते. पण आमच्या रजिस्टरला जन्मतारीख एक आणि आधारवर दुसरी, त्यामुळे संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याच्या, हिशेबात ती शाळेत नाहीच. आईबाप हैदराबादला बांधकामावर. शेवटी मीच तिला स्कूटीवर बसवून तालुक्याला नेलं आणि दुपारपर्यंत रांगेत उभी राहिले. आमचा पट जेमतेम २१. मार्च २०२४ च्या शासन निर्णयानंतर पट विसावर आला की दुसरं नियमित पद धोक्यात. म्हणजे एका जन्मतारखेवर अख्खा शिक्षक टांगलेला.

आरटीईचं, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचं, कलम २७ म्हणतं, जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला बिगरशैक्षणिक काम देऊ नका. ऑगस्ट २०२४ मध्ये शासनाने कामांची वर्गवारी करून वेगळा निर्णयही काढला. निर्णय फायलीत आहे, कामं माझ्याकडे आहेत.

तांदळाचा हिशेब जुळला नाही म्हणून मला नोटीस आलेली आहे. पोराला वाचता का येत नाही हे विचारायला आजवर कोणी आलं नाही. पोस्ट लिहिणाऱ्या महाशयांनी यावरही दोन ओळी खरडाव्यात.

गोदाकाठचा

ताई, तळमळ पोचली. पण तुमचा शेवटचा परिच्छेद तुम्हीच पुन्हा वाचा. पोराला वाचता आलं नाही तरी कोणी विचारत नाही, हे तुम्ही लिहिलंय. पोस्टवाला तरी दुसरं काय म्हणत होता?

माझा पोरगा गावच्या झेडपीत होता. चौथीत गेला तरी हातच्याची वजाबाकी जमेना. सरांना भेटलो तर म्हणाले, "आता नापास करता येत नाही हो." म्हणलं, नापास करा कोण म्हणतंय, शिकवा ना! तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. चार गुरुजी मिळून एक गाडी, तालुक्याहून अपडाऊन. पोरं रस्त्याकडं बघत बसायची, गाडी दिसली की घंटा. आणि कागदावर चौघंही मुख्यालयी, म्हणजे शाळेच्याच गावी, राहतात, ग्रामसभेचा ठराव जोडून घरभाडे भत्ता चालू. ठरावावर सही आमच्याच चुलत्याची, तेव्हा सरपंच होते. का दिली विचारलं तर म्हणे, "मास्तरशी वाकडं कशाला?"

आणि २१ पोरांना दोन शिक्षक! हे लग्झरीत मोडतं.

टिळकरोड

गोदाकाठचा +१. भावनांपेक्षा आकडे बघू. मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या 'असर' २०२४ अहवालाप्रमाणे ग्रामीण भारतात पाचवीतल्या ४८.८ टक्के मुलांनाच दुसरीचा उतारा वाचता आला. म्हणजे निम्म्याहून जास्त मुलं पाचवीत असून दुसरीच्याही मागे. खिचडीने वाचन बिघडतं असं कोणी सिद्ध केलंय का?

खडूफळा

@टिळकरोड, त्याच अहवालात खासगी शाळांचा रकाना आहे, तोही वाचायचा होता. तिथेही आकडा साठच्या आतच आहे. तिथे खिचडी नाही, बीएलओ नाही, आणि पालक शिकलेले. त्याचं उत्तर द्या.

@गोदाकाठचा, २१ मुलं चार इयत्तांत असतात. पहिलीला अक्षर गिरवायला बसवून चौथीला अपूर्णांक शिकवायचे आणि मधे दुसरीतला "बाई, शीला जाऊ?" म्हणून उभा. या लग्झरीत एक आठवडा येऊन राहा.

पाटीपेन्सिल

खासगीचा विषय निघालाच आहे तर सांगते. तालुक्याच्या गावी एका इंग्लिश मीडियमला मी शिकवायचे. बीएस्सी बीएड. खात्यात पूर्ण पगार जमा व्हायचा आणि तीन तारखेला त्यातला निम्म्याहून जास्त रोखीने ऑफिसात परत करायचा. पासबुक बघाल तर मी श्रीमंत. सुट्टीत घरोघरी फिरून ॲडमिशन आणा, गॅदरिंगला स्टेज सजवा, बसमध्ये मुलं मोजा. एका वर्गात साठ मुलं. शिक्षण सेवकाचे, म्हणजे नव्याने लागलेल्या शिक्षकाचे, १६ हजार म्हणजे अन्याय असं झेडपीवाले रडायचे तेव्हा मला हसावं की रडावं कळायचं नाही. त्यामुळे सॉरी, खडूफळा ताई, तुमच्याबद्दल सहानुभूती आहे, पण रांगेत माझा नंबर आधी.

खडूफळा

ते १६ हजार २०२३ पासून. त्याआधी सहा हजार होते आणि तीन वर्षं त्यावरच काढायची असत. मी काढलीत. बाकी रांगेबद्दल तुमचं खरं आहे.

निवृत्त_हेडमास्तर

मूळ प्रश्न बाजूला पडतोय. शिक्षकाचा दर्जा भरतीत ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ ला सांगितलं की निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्यांनी दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हावं. पंचवीस वर्षं सेवा झालेला माणूस, ज्याच्या हाताखालून डॉक्टर-तहसीलदार गेले, तो आता बालमानसशास्त्राचे चार पर्याय घोकत बसणार. ही विटंबना आहे.

टिळकरोड

सर, विटंबना कसली? पोरांच्या परीक्षा घेणाऱ्यांना स्वतःच्या परीक्षेची एवढी धास्ती?

निवृत्त_हेडमास्तर

धास्ती नाही, अविश्वास. याच टीईटीत गुण वाढवून देण्याचं प्रकरण २०२१ च्या डिसेंबरात उघडलं आणि परीक्षा परिषदेच्या आयुक्तांनाच अटक झाली. ज्यांच्या परीक्षेची ही कथा, त्यांनी माझ्या सहकाऱ्यांची पात्रता ठरवायची!

गोदाकाठचा

सर, त्या प्रकरणात पैसे मोजून पास झालेलेही मास्तरच व्हायला निघाले होते. तेवढं जोडा.

आणि मुख्यालयाचं कोणीच बोलेना. २०२२ साली गंगापूरच्या आमदारांनी विधानसभेत हेच काढलं तर औरंगाबादला शिक्षकांचा केवढा मोर्चा निघाला! पोरांना वाचता येत नाही म्हणून तसा मोर्चा कधी निघालाय? माझे वडील गुरुजी होते. शाळेमागच्या खोलीत राहायचे, रात्री कंदिलावर पोरांना बसवायचे. गाव नाव काढतं अजून.

खडूफळा

आदर आहे. तुम्ही स्वतः त्या शाळेत होतात?

गोदाकाठचा

पाचवीपर्यंत. मग आजोळी, शहरात. आईचा हट्ट होता.

खडूफळा

आईचा हट्ट. बरं. माझ्याही घरी एक आई आहे, ती मीच. माझी मुलगी आठवीत आहे. गावात चौथीपुढे शाळा नाही, सहावी ते आठवी जवळच्या गावात होती तिथे पट विसाखाली, म्हणजे नव्या नियमाने तिथे शिक्षकच शून्य. मी मुख्यालयी राहून तिला कुठे घालू?

आडवळण

२०१५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने सांगितलं होतं, सरकारी पगार घेणाऱ्यांची मुलं सरकारी शाळेत घाला. कलेक्टरपासून शिपायापर्यंत. तेवढं करा, महिन्यात शाळा सुधारतील.

टिळकरोड

आणि झालं काय त्याचं पुढे?

आडवळण

तेच, जे कलम २७ चं झालं.

उजेड

बराच वेळ वाचतोय. मुख्यालयाचं एवढं निघालंय म्हणून लिहितो. मी राहायला तयार होतो. बॅग घेऊन गेलो होतो. गावात माडीवरची खोली रिकामी होती, शाळा समितीच्या अध्यक्षांनीच दाखवली. घरमालकांनी चहा दिला, गाव विचारलं, मग आडनाव विचारलं. आडनाव ऐकल्यावर त्यांच्या लक्षात आलं की खोली कालच भाचीला दिलीय. भाची काही आली नाही. मी तिथे होतो तोवर त्या खोलीला कुलूप होतं, शाळेत जाता-येता दिसायचं. मी रोज मोटारसायकलने ये-जा केली आणि त्याच गावातले लोक "मास्तर अपडाऊन करतो" म्हणून तक्रारअर्ज द्यायचे. एका अर्जावर घरमालकांचीही सही होती. त्यांच्या नातवाला वाचायला मी शिकवलं.

गोदाकाठचा

हे वाईटच. पण अपवाद. प्रत्येक गोष्टीत जात आणली की चर्चा संपते.

उजेड

मी आणली नाही, मला विचारली गेली. चर्चा संपते ती तुमची. माझी खोली शोधायची राहते.

पाटीपेन्सिल

गोदाकाठचा, "अपवाद" हा शब्द परत घ्या. एकटी बाई म्हणून मलाही खोली नाकारलेली आहे, आणि तीही तालुक्याच्या गावात. खेड्यात काय होत असेल.

गोदाकाठचा

बरं, घेतला परत. खूश? पण बोलेरोत बसणाऱ्या त्या चौघांची आडनावं मला माहीत आहेत आणि चौघांनाही गावात खोली मिळाली असती. उजेड सरांच्या कुलपाआड हे लपू नयेत एवढंच माझं म्हणणं.

उजेड

हे मान्य. तसले मीही पाहिलेत. त्यांच्याच तोंडी माझ्यासारख्यांच्या अडचणी सगळ्यात आधी असतात.

निवृत्त_हेडमास्तर

शाळेजवळ शिक्षकांसाठी निवासस्थानं बांधा, मग भत्ता बंद करा. दवाखान्याला क्वार्टर असतात, पोलिसांना असतात. आम्हाला ठराव.

टिळकरोड

आणि ती बांधली की मुलं वाचायला लागतील? तुम्ही सगळे एवढ्या प्रतिसादांनंतरही पोराच्या वाचनावर येत नाही. शिक्षक कुठे झोपतो यात मला रस नाही. साडेदहा ते पाच तो काय करतो?

खडूफळा

मी पहिल्या पोस्टीत तेच लिहिलंय: तांदूळ मोजतो. तरीही तुमचं एक मानते. तांदूळ बाजूला केला आणि तरीही माझी चौथी वाचत नसेल, तर मला नोटीस द्या. सही करून घेईन. फक्त ती नोटीस देणाऱ्याने आधी वर्गात येऊन पोराला पुस्तक धरायला लावावं. गेल्या तपासणीत साहेब चव रजिस्टर, कॅशबुक आणि किचन शेड बघून गेले. मुलांनी उभं राहून "नमस्ते साहेब" म्हटलं, तेवढीच मुलांची तपासणी.

गोदाकाठचा

मग ताई, हे तुमच्या संघटनेला सांगा ना. निवेदनात पहिली मागणी टाका, "आमच्या पोरांचं वाचन तपासा." मी स्वतः येतो मोर्च्याला, बोलेरो करून.

खडूफळा

संघटनेच्या निवेदनात पहिल्या चार मागण्या पेन्शनच्या असतात. पाचवीसाठी शब्द टाकते. येताना दिरालाही गाडीत घ्या.

आडवळण

पेन्शनचा विषय निघाला का? मार्च २०२३ च्या संपात आठवडाभर शाळा बंद होत्या तेव्हा…

पाटीपेन्सिल

नको! त्याला वेगळा धागा काढा.