मदत हवी आहे: व्हिडिओ गेममधली गोष्ट मुलांना कशी शिकवावी?

नमस्कार मंडळी,

ठाण्यात चरईला दर रविवारी सकाळी मी मुलांचा लेखनवर्ग घेते. कथा, संवाद, कधी एकांकिका. यंदा मुलांनीच हट्ट धरला, गेमची गोष्ट लिहायला शिकवा. मी हो म्हटलं. सहा रविवार, दर वेळी दोन तास. चौदा मुलं आहेत, दहावीपासून कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापर्यंतची. बरीचशी कळवा, कोपरी, घोडबंदर रोडची. दोघी ऐरोलीहून लोकलने येतात. दोन वर्ग झालेत आणि मी एका जागी अडकले आहे.

पहिल्या गृहपाठात अकरा जणांनी तीन-तीन, चार-चार पानं पूर्वकथा लिहिली. शापित राज्य, हरवलेले वडील, शंभर वर्षांपूर्वीचं वैर. आणि शेवटी एक ओळ: "मग खेळाडू शत्रूंशी लढतो." लिखाण चांगलं होतं, दोघींचं तर फारच. पण खेळणाऱ्याच्या हातात काय आहे, हे कुणीच लिहिलं नव्हतं. लढाई काढून तिथे कोडी घातली असती तरी गोष्टीला धक्का लागला नसता.

मला स्वतःला पटलेलं आहे ते एवढंच, की गेममधली गोष्ट हाताने कळते. लुकास पोपचा २०१३ चा 'पेपर्स, प्लीज' घ्या. तुम्ही सीमेवरच्या चौकीत बसलेले कारकून. कागद तपासायचे, शिक्का मारायचा. संध्याकाळी पगारातून घरभाडं, जेवण आणि घर गरम ठेवण्याचा खर्च भागवायचा. एक नवरा येतो, त्याचे कागद बरोबर असतात. मागून बायको येते, तिच्याकडे प्रवेशपत्र नसतं. सोडलं तर चूक आपल्या नावावर लागते, आणि चुका वाढल्या की पगार कापला जातो. तिथे तुमच्याच हातात तो शिक्का असतो. कथेत हा प्रसंग मी वाचला असता तर त्या कारकुनाला चांगला किंवा वाईट ठरवून मोकळी झाले असते. इथे मात्र माझा हात थांबला होता.

दुसरं उदाहरण 'फ्लोरेन्स', २०१८ चा, फोनवर खेळता येतो, तासाभरात संपतो. नवी ओळख झालेल्या दोघांचं बोलणं म्हणजे एक जिगसॉ. तुकडे जुळवले की बोलण्याचा फुगा पुरा होतो. जवळीक वाढते तसे तुकडे कमी होत जातात. भांडण सुरू झालं की त्याच तुकड्यांना टोकं येतात. त्या दोघांच्या या बोलण्यात एक शब्दही लिहिलेला नाही.

दुसऱ्या वर्गात हे तोंडी सांगून पाहिलं, जमलं नाही. मग एक टेबल मांडलं: चष्मा, औषधाची अर्धी पट्टी, टीएमटी बसचं तिकीट, चहाचे दोन कप, त्यातला एकच उष्टा. म्हटलं, इथे काय घडलं ते वस्तूंवरून सांगा, मला काही विचारायचं नाही. दहा मिनिटं कुणी बोललं नाही. मग एक मुलगा तिकिटावरची वेळ पाहून म्हणाला, "दुसरा माणूस आला होता मॅडम, पण बसला नाही." २०१३ चाच 'गॉन होम' असाच चालतो, रिकाम्या घरातल्या वस्तू हाताळत. हा भाग मुलांना लगेच कळला. पण वस्तू मांडणं वेगळं आणि खेळणाऱ्याला काहीतरी करायला लावणं वेगळं. तिथे गाडी पुन्हा अडते.

तर विचारायचं ते असं. कृती आधी आणि कथा नंतर, अशी सवय कशी लावावी? वर्गात एक लॅपटॉप आणि एक प्रोजेक्टर आहे. मी खेळून दाखवलं की मुलं सिनेमा पाहिल्यासारखी बघत बसतात, त्याला काय करावं? सगळ्यांकडे विकत गेम घ्यायला पैसे नाहीत, कुणाला अवघडल्यासारखं होऊ नये असंही वाटतं. आणि गुण द्यायचे तर कशाला? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

ताई, मी ऐरोलीत गेमच्याच कामात आहे. कथा लिहू देऊच नका. पहिला कागद फक्त क्रियापदांचा: उघडणे, लपवणे, वाट पाहणे. प्रत्येकाने तीनच निवडायची आणि त्यात 'मारणे' नको. मग त्या तीन क्रियापदांनी काय घडू शकतं ते लिहायचं. प्रोजेक्टरवर खेळताना माउस एकाकडे द्या, निर्णय दुसऱ्याकडे, आणि दर पाच मिनिटांनी जोडी बदला. वर्गातल्या कामासाठी ट्वाइन वापरा, गोष्टीचे गेम बनवायचं साधन आहे. फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं, देवनागरी चालते, कोडिंग लागत नाही. तयार गेम म्हणजे एक एचटीएमएल फाइल, ती एकमेकांना पाठवता येते. ज्यांच्याकडे लॅपटॉप नाही त्यांनी वहीच्या पानाचे तुकडे करून क्रमांक घालावेत, काम तेच होतं.

'वेन्बा' जरूर दाखवा, २०२३ चा आहे. कॅनडात गेलेलं तमिळ कुटुंब, आईची फाटकी पाककृतींची वही, आणि इडली आपणच लावायची. मुलाला तमिळ नीट कळत नाही तेव्हा आईचं बोलणं पडद्यावर पुसट होतं. आपल्या घरांतून हे पटकन पोचेल.

प्रतिसाद २

गुणांबद्दल: लिहिणाऱ्याला गप्प बसवा आणि दुसऱ्याला खेळू द्या. खेळणारा कुठे थांबला, कुठे मागे गेला, हे लिहिणाऱ्याने टिपायचं. गुण त्या टिपणाला आणि त्यानंतरच्या दुरुस्तीला द्या.

शिवाय मोक्षपट, म्हणजे जुनी सापशिडी, घ्या की वर्गात. ज्ञानेश्वरांच्या नावाने सांगितला जातो. पुण्याच्या शिडीने वर, पापाच्या सापाने खाली. गोष्ट सांगणारं कुणी नाही, फासा टाकणारा स्वतःच वर-खाली होतो.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल तिसरा वर्ग झाला, तीन क्रियापदांचाच. एका मुलाने चिऊ-काऊची गोष्ट घेतली, पण खेळणारा कावळा. शेणाचं घर पावसात वाहून गेलंय आणि हातात एकच कृती: दार वाजव. दाबलं की आतून उत्तर येतं, थांब, बाळाला अंघोळ घालते. परत दाबलं की, थांब, अंगडं घालते. मग टोपडं, मग काजळ. प्रत्येक दाबण्यागणिक खाली पावसाची एक ओळ वाढते, बाकी काही नाही.

कळव्याची मुलगी खेळत होती, लिहिणारा शेजारी गप्प. पाचव्यांदा दाबून तिने माउस सोडला आणि म्हणाली, "हिला ऐकू येतंय ना, मग उघडत का नाही?" लहानपणापासून ही गोष्ट ऐकताना मी नेहमी दाराच्या आत बसलेली असे. काल पहिल्यांदा बाहेर उभी राहिले.

मोक्षपट पुढच्या रविवारी. आता एक नवीन प्रश्न आहे: त्या मुलाला दार शेवटी उघडायचं की नाही ते ठरवता येत नाहीये आणि तो मला विचारतोय. मी सांगावं, की खेळणाऱ्यांना बघून त्याचं त्यालाच ठरवू द्यावं?