ट्रान्स स्त्रीला गर्भाशय प्रत्यारोपण: योग्य की अयोग्य?

कोथरूडची_मी: देशातलं पहिलं गर्भाशय प्रत्यारोपण आपल्या पुण्यातच झालं, २०१७ ला, आईचं गर्भाशय मुलीला, आणि २०१८ मध्ये पुण्यातच बाळही जन्मलं. माझी मैत्रीण ट्रान्स आहे, तिला खूप मनापासून आई व्हायचंय. मग तिला का नाही?

शनिवारपेठी: तिची इच्छा खरीच आहे, वादच नाही. पण हे जीव वाचवणारं ऑपरेशन नाही, रिजेक्शन होऊ नये, म्हणजे शरीराने ते गर्भाशय नाकारू नये म्हणून इम्युनिटी दाबणारी औषधं घ्यायची आणि एक-दोन बाळंतपणं झाली की गर्भाशय काढून टाकायचं, शिवाय ट्रान्स स्त्रीत रक्तवाहिन्या, योनीमार्ग, हार्मोन सगळंच नव्याने जुळवायचं. १९३१ मध्ये डेन्मार्कची ट्रान्स स्त्री लिली एल्बे अशाच ऑपरेशननंतर गेली. आणि देणाऱ्या बाईचंही ऑपरेशन तासन् तास चालतं, तिच्यावर घरचं प्रेशर नाही ना हे कोण बघणार?

निशा_हडपसर: मी ट्रान्स आहे. रिस्क तर सगळ्याच बायकांना असते, त्यांना कुणी विचारतं का कशाला हवंय म्हणून? गर्भाशय प्रत्यारोपण कुणाचं करावं हे सांगणाऱ्या २०१२ च्या मॉन्ट्रियल निकषांत तर जन्माने स्त्री असणं ही अटच होती, आणि २०२१ च्या सरोगसी कायद्यात लग्न झालेलं स्त्री-पुरुष जोडपं नाहीतर विधवा-घटस्फोटित बाई, आमचा उल्लेखच नाही. आज सेफ नाही म्हणून थांबा म्हणालात तर पटतं, पण मग रिसर्च तरी करा ना!

शनिवारपेठी: रिसर्च व्हावाच, यात मी तुमच्याबरोबर आहे.

निशा_हडपसर: कोथरूडची_मी, मैत्रिणीने हार्मोन सुरू केलेत का? नसतील तर आधी स्पर्म फ्रीझ करायचं डॉक्टरांशी बोलायला सांग, नंतर अवघड होऊ शकतं.