अनुभव धागा : मुलांचे म्हणणे कागदावर येते का?

आमच्या तालुक्याच्या गावी वाचनालयात दर रविवारी आठवी ते बारावीच्या मुलामुलींसाठी आम्ही एक वर्ग चालवतो. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार १९८९ सालचा, भारताने तो १९९२ मध्ये स्वीकारला आणि त्याच्या बाराव्या कलमाने मुलांना स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा हक्क दिला, एवढे या मुलांना तोंडपाठ आहे. मात्र ‘एसटी वेळेवर येत नाही, तर कोणाला सांगाल?’ असे विचारले तेव्हा वर्गात सामसूम झाली. त्या रविवारपासून आम्ही अर्ज लिहायला शिकवतो : प्रति, विषय, महोदय, खाली सही, दोन प्रती, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच. एखाद्या मुलाने वा तरुणाने आपले म्हणणे मांडल्यावर पुढे काय झाले, याचे स्वतः पाहिलेले अनुभव येथे लिहावेत. फसलेले अनुभव अधिक हवे आहेत. शाळा, कार्यालये आणि मुले यांची नावे कृपया देऊ नयेत.

शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा

शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण हिस्सा पालकांचा असतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक असते. महाराष्ट्रात तिच्यात दोन विद्यार्थीही घेतात, हे मात्र पालकांनाही सांगावे लागते. या दोघांना मताचा अधिकार नसतो. मुख्याध्यापकपदाचा कार्यभार माझ्याकडे असल्यामुळे समितीची सचिव मीच आणि इतिवृत्त लिहिणारीही मीच.

एका बैठकीत सातवीतल्या प्रतिनिधी मुलीने सांगितले की, मुलींच्या स्वच्छतागृहाची आतली कडी तुटली आहे, एकीने आत जायचे तर दुसरीने बाहेर दार धरून उभे राहावे लागते, आणि म्हणून कित्येक मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. सर्वांनी ऐकून घेतले. मग भिंती रंगवण्याचा विषय निघाला आणि बैठक त्यातच संपली. संध्याकाळी मी सवयीने लिहून टाकले, ‘विद्यार्थी प्रतिनिधींनी शाळेच्या सुविधांबाबत समाधान व्यक्त केले.’ हे वाक्य मी वर्षानुवर्षे लिहीत आले होते. ते लिहिताना पेन थांबतही नसे.

पुढच्या बैठकीत मागील इतिवृत्ताचे वाचन झाले. ‘कायम करण्यात येत आहे’ असे अध्यक्ष म्हणणार, इतक्यात ती मुलगी उभी राहिली. “बाई, मी समाधान व्यक्त नव्हतं केलं.” आवाजात उर्मटपणा नव्हता, गणितातली चूक दाखवावी तसे तिने ते दाखवले. मी सर्वांसमक्ष ती ओळ खोडली, बाजूला सही केली आणि तिचे म्हणणे तिच्याच शब्दांत लिहिले. कडी त्याच आठवड्यात सादिल म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चातून बसली. तिला किती रुपये लागले, हे सांगण्याचीही लाज वाटते.

माजी विद्यार्थी

माझी शिष्यवृत्ती दीड वर्ष रखडली होती. महाविद्यालयाच्या खिडकीवर ‘वरून आली नाही’ आणि जिल्ह्याच्या कार्यालयात ‘महाविद्यालयाला विचारा’, एवढीच दोन वाक्ये मी आलटूनपालटून ऐकत होतो. माहितीच्या अधिकारासाठी दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून मी पहिला अर्ज केला, त्यात वडिलांच्या आजारपणापासून खानावळीच्या थकबाकीपर्यंत सर्व काही तीन पानांत मांडले. उत्तर आले की, आपण कोणतीही माहिती मागितलेली नाही. राग आला, पण उत्तर बरोबर होते. हा कायदा गाऱ्हाण्यासाठी नसून कार्यालयाच्या दप्तरात असलेल्या माहितीसाठी आहे. शिवाय आपल्या राज्याच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि तोही दीडशे शब्दांत मांडायचा असतो.

दुसऱ्या अर्जात मी ‘का’ हा शब्दच टाळला. माझ्या अर्जाची आजची स्थिती काय, तो कोणत्या टप्प्यावर कोणत्या तारखेपासून प्रलंबित आहे, एवढेच विचारले. तीस दिवसांची मुदत संपण्याच्या तीन दिवस आधी उत्तर मिळाले : अर्ज वर कधी गेलाच नव्हता, तो महाविद्यालयाच्याच लॉगिनवर पडून होता. ते पत्र खिडकीतून आत सरकवले, तेव्हा पलीकडच्यांनी प्रथमच मला बसायला सांगितले.

अंगणवाडी सेविका, मराठवाडा

दिवाळीच्या सुमारास आमच्याकडची बिऱ्हाडे ऊसतोडीला निघतात. मुकादमाची, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ रक्कम) कोयत्याच्या हिशेबाने मिळते आणि कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. मागे राहणारी मुलगी कोणाच्या भरवशावर ठेवायची, ही चिंता वेगळीच. त्यामुळे या दिवसांत लग्ने घाईघाईने उरकली जातात.

किशोरींच्या गटात मी १०९८ हा मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा क्रमांक पाठ करून घेतला होता. सोळा वर्षांच्या एका मुलीने तो फिरवला, आणि तोही माझ्याच फोनवरून. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून जबाबदारी ग्रामसेवकाची असते. ते पोलिसांना घेऊन आले तेव्हा तिला हळद लागलेली होती. बालकल्याण समितीपुढे आईवडिलांनी हमीपत्र दिले आणि लग्न थांबले.

येथपर्यंतचे वर्तमानपत्रात येते. नंतर तीन महिने घरात तिच्याशी कोणी धड बोलत नव्हते, तिची चुलती माझ्या दारावरून जाताना तोंड फिरवत असे, आणि शाळेत पुन्हा नाव घालून वसतिगृहात जागा मिळवण्यासाठी मला सहा हेलपाटे घालावे लागले. हेलपाट्यांची तयारी नसेल, तर मुलींना तो क्रमांक पाठ करायला लावू नये, असे माझे मत झाले आहे.

महाविद्यालयीन प्राध्यापक

थोडक्यात लिहितो. सतरा पूर्ण झालेल्यांनाही मतदार नोंदणीचा अर्ज आगाऊ भरता येतो आणि वसतिगृहात राहणाऱ्याला तिथल्या पत्त्यावरही नाव नोंदवता येते, हे आमच्या वर्गात एकालाही माहीत नव्हते. मलाही नव्हते.

ग्रामपंचायत सदस्य

माझा अनुभव फसलेल्यांत धरावा. आमच्याकडे बालदिनाला बालसभा होते. प्रश्न शिक्षक लिहून देतात, मुले वाचतात, सरपंच ‘जरूर विचार करू’ म्हणतात आणि खाऊवाटप होते. गेल्या खेपेस एका मुलाने हातातला कागद घडी करून खिशात ठेवला आणि विचारले, “शाळेच्या वळणावरच्या दिव्याचं मागच्या वर्षीही विचारलं होतं. त्याचं उत्तर यंदा मिळणार की पुढच्या वर्षी?” सभेत हशा पिकला. सर्वांत मोठ्याने मी हसलो, हेही लिहून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी चौघे जण दोन प्रतींत अर्ज घेऊन कार्यालयात आले. कर्मचाऱ्याने सांगितले की, खाली मोठ्या माणसाची सही लागेल. कोणत्या नियमाने, असे मुलांनी विचारले. त्याने माझ्याकडे पाहिले. मलाही सांगता आले नाही. अखेर शिक्का उमटला आणि आवक क्रमांकही पडला. दिवा अजून लागलेला नाही. मुले दर सोमवारी येऊन तोच क्रमांक सांगतात.