सहा आठवडे गाजर सोडून व्हिटॅमिन ए विष ठरत नाही

रानमेथी
निरामय यांचा लेख वाचून गप्प बसणार होते. पण काल माझ्याकडे आलेल्या एका बाईंनी तोच लेख मोबाइलवर दाखवला आणि म्हणाल्या, "मॅडम, मी पालेभाज्या बंद केल्यात." म्हणून हा धागा.

लेखाचं म्हणणं थोडक्यात असं: व्हिटॅमिन ए हे यकृतात साठत जाणारं विष आहे. इसब, खाज, पोट फुगणं, सांधे धरणं, सगळं त्याच्यामुळेच. म्हणून गाजर, लाल भोपळा, पालेभाज्या, आंबा, अंडी, दूध, तूप बंद करा, भात-मटण-राजमा खा आणि सहा आठवड्यांत बरं वाटलं की निदान पक्कं समजा.

मला राग आलाय तो या शेवटच्या वाक्याचा. यकृतात साठतं हे तुमचंच म्हणणं आहे आणि ते खरंही आहे. नीट खाणाऱ्या मोठ्या माणसाकडे कित्येक महिने पुरेल इतका साठा असतो. मग सहा आठवड्यांत तो जाईल कुठे? दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये शेफील्डला, लढायला नकार दिलेल्या २३ स्वयंसेवकांवर हान्स क्रेब्स आणि सहकाऱ्यांनी प्रयोग केला होता. त्यांतल्या १६ जणांना व्हिटॅमिन ए जवळपास नसलेला आहार कित्येक महिने दिला, काहींना वर्षाहून जास्त. कमतरता स्पष्ट दिसली ती फक्त तिघांत. तेव्हा सहा आठवड्यांत तुमच्यात काही बदललं असेल, तर ते यकृत रिकामं झाल्यामुळे नाही. त्याच यादीत दूध गेलं, अंडी गेली, बाहेरचं खाणं आपोआप गेलं. आहार बदलला की आतड्यातले जिवाणू काही दिवसांतच बदलायला लागतात. यातल्या कशामुळे गुण आला हे तुम्हाला कळलेलंच नाही, आणि तरी तुम्ही लोकांची मेथी बंद करताय.

अतिरेक होतो, नाही असं नाही. पण तो तयार रेटिनॉलचा, म्हणजे शरीराला थेट वापरता येणाऱ्या व्हिटॅमिन एचा होतो: कॅप्सूल, माशाच्या यकृताचं तेल, रोजची कलेजी. कोंबडीच्या कलेजीत १०० ग्रॅममागे ३००० मायक्रोग्रॅमच्या वर असतं आणि मोठ्या माणसाची दिवसाची वरची मर्यादाच ३००० आहे. भाजीतल्या कॅरोटीनचं तसं नाही. शरीर त्यातलं लागेल तेवढंच व्हिटॅमिन एमध्ये बदलून घेतं. गाजरं फार झाली तर तळहात पिवळे पडतात, यकृत बिघडत नाही.

निरामय
लेख माझा आहे, तेव्हा उत्तर देणं भाग आहे. मला कितीतरी वर्षं कोपराच्या आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला इसब होतं. रात्री खाजवून चादरीला रक्त लागायचं. त्वचारोगतज्ज्ञ झाले, स्टेरॉइडची मलमं झाली, एका मोठ्या दवाखान्यात ॲलर्जीच्या तपासण्यांवर भरपूर पैसे गेले. "तुम्ही जेवता काय?" असं एकानेही विचारलं नाही. हे पदार्थ बंद केले आणि मला झोप लागायला लागली. शेफील्डच्या सोळा जणांपेक्षा माझी कातडी मला जास्त सांगते.

आणि मुरुमांसाठी देतात ते आयसोट्रेटिनॉइन कोण आहे? व्हिटॅमिन एचंच भावंड. ओठ फाटतात, कातडी सोलते, गरोदर बाईला तर ते अजिबात देत नाहीत, कारण गर्भात व्यंग येतं. तरी विष म्हणायचं नाही?

मेलबर्नकर
निरामय, तुमच्या झोपेबद्दल खरंच आनंद आहे. पण तुम्ही निम्मा प्रयोग केलाय. मी इथे मोनाश विद्यापीठाच्या पद्धतीचा लो-फॉडमॅप आहार केलाय, पोटाच्या जुन्या दुखण्यासाठी. फॉडमॅप म्हणजे नीट न पचता आतड्यात आंबणाऱ्या काही शर्करा. त्यात तीन टप्पे असतात. दोन ते सहा आठवडे बंद, मग एकेक गट वेगवेगळा परत, आणि शेवटी आपल्याला काय चालतं ते ठरवायचं. पहिल्या टप्प्यात कांदा, लसूण, गहू, दूध, आंबा, सगळं गेलं. फोडणीतला हिंगसुद्धा, कारण डबीतल्या हिंगात मैदा असतो. पोट शांत झालं आणि मी तिथेच थांबलो. भीतीच बसली होती, लग्नाकार्याला घरून डबा न्यायचो. शेवटी इथल्या आहारतज्ज्ञ बाईंनी दटावून एकेक परत आणायला लावलं, तेव्हा कळलं की लसणाचा त्रास होतो, दुधाचा काहीच नाही. इतके दिवस दूध उगाच सोडलं होतं. शिवाय या आहारात आतड्यातले बिफिडोबॅक्टेरिया कमी होतात हे दिसून आलंय, म्हणूनच त्यावर कायम राहू नका असं सांगतात.

परत न आणता सोडलेल्या पदार्थाबद्दल तुम्हाला काहीच माहीत नसतं.

गीरप्रेमी
दुधाचा विषय निघालाच आहे तर मुळाशी जा ना. त्रास दुधाने होत नाही, पिशवीच्या दुधाने होतो. निळ्या रंगात प्लस एफ छापलेलं असतं ते बघा, त्यात कारखान्यातलं व्हिटॅमिन ए ओततात. तेलातही. निरामयना तोच त्रास असणार. वर ते जर्सीचं ए१ दूध. हा ए व्हिटॅमिनचा नाही, ए१-ए२ हे दुधातल्या एका प्रथिनाचे प्रकार. देशी गाईचं ए२ घ्या, एकही चट्टा राहणार नाही.

कोल्हापुरी_धार
आमच्या घरात चार पिढ्या म्हशी आहेत. म्हशीचं दूध ए२च असतं, त्यासाठी लिटरला दुप्पट-तिप्पट पैसे मोजायची गरज नाही. आणि ते पांढरंशुभ्र दिसतं, कारण म्हैस चाऱ्यातलं कॅरोटीन आधीच व्हिटॅमिन एमध्ये बदलून देते. गाईचं पिवळट, कारण कॅरोटीन तसंच उतरतं. पिवळं म्हणजे औषधी, ही समजूत शहरात विकली जाते.

गीरप्रेमी
म्हशीचं दूध जड, पचत नाही, हे आजी-पणजी सांगत आल्या. तुमचा धंदा आहे म्हणून बोलताय.

कोल्हापुरी_धार
धंदा आहे, लपवलं कधी? पहाटे चारला उठून धार काढतो. तुम्ही कधी गोठ्यात शेण उचललंय का? २०२४च्या ऑगस्टमध्ये एफएसएसएआयने, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, ए१-ए२ची लेबलं काढा म्हणून सांगितलं आणि आठवड्याच्या आत आदेश मागे घेतला. तेव्हापासून तुमच्या लोकांचं आणखी फावलंय. शेतकऱ्याला लिटरमागे काय हातात पडतं त्यावर कोणी धागा काढत नाही.

गीरप्रेमी
आदेश मागे घ्यावा लागला यातच सगळं आलं.

रानमेथी
दोघांनी दुधाचा वेगळा धागा काढा, मी तिथे येईन. इथे फक्त आकडे सांगते. टोन्ड दुधातली साय काढली की तिच्याबरोबर व्हिटॅमिन एही जातं, म्हणून ते परत घालतात, लिटरला २७० ते ४५० मायक्रोग्रॅम. म्हणजे पेलाभर दुधात साधारण ५५ ते ९०. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेने २०२०मध्ये पुरुषांसाठी दिवसाला १००० आणि स्त्रियांसाठी ८४० सांगितलंय. पिशवीच्या दुधाने विषबाधा होत नाही.

निरामय, आयसोट्रेटिनॉइनचं म्हणणं मान्य. गरोदरपणात रेटिनॉलच्या जास्त मात्रेच्या गोळ्या आणि कलेजी टाळा हे मीही सांगते. पण त्यावरून भोपळा दोषी ठरत नाही.

दोन_पिल्लं
मला फार चीड आलीय. त्या लेखाखाली कोणीतरी लिहिलंय की बाळाचा नवव्या महिन्याचा व्हिटॅमिन एचा डोसही टाळा. माझ्या धाकट्याला पुरळ यायचं म्हणून असंच कोणाचं तरी ऐकून घरात दूध, अंडी, गहू, शेंगदाणे एकदम बंद झाले. पुरळ तसंच राहिलं आणि वजन वाढायचं थांबलं. अंगणवाडीत वजनाच्या तक्त्यावर बाईंनी बोट ठेवलं तेव्हा मी रडले. मोठ्या माणसाने स्वतःवर हवे ते प्रयोग करावेत. मुलांचं ताट रिकामं करू नका.

निरामय
ती कॉमेंट माझी नाही. मुलांबद्दल मी एक अक्षर लिहिलेलं नाही. पण डोसचं म्हणाल तर उत्तर प्रदेशात दहा लाख मुलांवर चाचणी झाली होती, २०१३मध्ये निष्कर्ष आले, मृत्यूंत फारसा फरक नाही. मग सगळ्यांना सरसकट कशाला पाजायचं?

रानमेथी
त्या चाचणीचं बरोबर सांगितलंत. पण त्याआधी इंडोनेशियात आचेमध्ये झालेली चाचणीही सांगा. १९८६मध्ये छापून आली, डोस दिलेल्या गावांत मुलांचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी होते. जिथे कमतरता जास्त तिथे फायदा जास्त, म्हणून आज सरसकट डोस हवेत का यावर आपल्याकडचे आहारशास्त्रज्ञही भांडतात. भांडण डोसचं आहे. विष आहे असं त्यांतलं कोणी म्हणत नाही, उलट डोसऐवजी शेवग्याची पानं, माठ, अंडी द्या म्हणतात. आणि डोसचं काय करायचं ते मुलाच्या डॉक्टरांना विचारून, लेखाखालच्या कॉमेंटवरून नाही.

निरामय
बरं. मग जिवाणूंचं बोला. अमेरिकेत सेंट लुईसला उंदरांच्या आतड्यात माणसाचे जिवाणू सोडून एकेक पोषकद्रव्य काढून बघितलं. सगळ्यात मोठा बदल व्हिटॅमिन ए काढल्यावर झाला. म्हणजे मी ए काढलं, जिवाणू बदलले, इसब गेलं. का नाही?

रानमेथी
प्रश्न चांगला आहे. त्या उंदरांत बॅक्टेरॉइड्स व्हल्गेटस नावाचा जिवाणू वाढला. पण ते ए नसल्याने झालं, आणि तुमच्याकडे ए आहे, यकृतात. दुसरं, व्हिटॅमिन एपासून बनणारं रेटिनोइक आम्ल प्रतिकारशक्तीच्या पेशींना आतड्याकडे पाठवतं, आयजीए हे आतड्याचं रक्षण करणारं प्रतिपिंड तयार व्हायला मदत करतं. उद्या साठा खरोखर संपला तर आतड्याचं हे रक्षणच ढिलं पडेल. रक्त तपासून तेव्हा लवकर कळणारही नाही, कारण यकृत रक्तातली पातळी बराच काळ टिकवून धरतं.

मेलबर्नकर
आणि राजमा तुम्हाला पचतोय हेही बघा. आमच्या लो-फॉडमॅपच्या यादीत तो पहिल्या दिवशी बंद होतो. तो पचतोय, म्हणजे पोटापुरता फॉडमॅपचा निम्मा संशय इथेच मिटला.

निरामय
माझं मत बदललेलं नाही. पण परत आणून बघितलं नाही, हा मुद्दा खोडता येत नाही. दूध आणणार नाही, तेवढं धाडस नाही. लाल भोपळा आणतो. कसा?

रानमेथी
शिजवून, तेलाच्या फोडणीवर, नाहीतर कॅरोटीन नीट शोषलं जात नाही. पहिल्या दिवशी थोडा, पुढचे दोन दिवस वाढवत. त्या आठवड्यात दुसरं काहीही नवं नाही, साबणसुद्धा बदलायचा नाही. खाज आली तर थांबा, बरं वाटलं की पुन्हा एकदा तसंच करून बघा. एकदा आली म्हणून ठरवू नका.

निरामय
सोमवारपासून. खाज आली तर इथे लिहीन.

दोन_पिल्लं
नाही आली तरी लिहा. आणि लेखाखालची ती डोसची कॉमेंट आजच काढायला लावा.

निरामय
काढायला सांगितलंय.