उशाशी की कुलपात?

घरात बंदूक असली की चोर फिरकत नाही, हे काही जणांचं म्हणणं अमेरिकेपुरतं तरी मला पटत नाही. २०२१ साली तिथे बंदुकीने ४८,८३० माणसं गेली, त्यातल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या! मनाची ती वाईट घटका टळली तर माणूस बरेचदा सावरतो. हाताशी बंदूक असली की टळायला वेळच मिळत नाही.

शिवाय पोरांच्या भीतीने ती कुलपात ठेवायची, गोळ्या वेगळ्या ठेवायच्या, आणि रात्री दोनला चोर आला की किल्ली शोधत बसायचं? भरून उशाशी ठेवली तर पोरांच्या हाती लागणार. आडरानात एकट्या राहणाऱ्याचं गणित वेगळं, हे मान्य. तिथे पोलीस पोचायलाच खूप वेळ जातो.